घोडदळाचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल

इंग्लंडचा इतिहास शिकविताना पहिल्या चार्ल्सच्या कारकिर्दीपाशी आलो की वर्गात एक प्रश्न हटकून निघतो. त्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढणारा राजपुत्र रुपर्ट आणि पार्लमेंटच्या बाजूने लढणारा ऑलिव्हर क्रॉमवेल, या दोघांत घोडदळाचा श्रेष्ठ सेनानी कोणता? मुलांचा कौल बहुधा रुपर्टच्या बाजूने पडतो आणि ते स्वाभाविकही आहे. रुपर्ट तरुण, देखणा, राजकुलातला. त्याची धाड वादळासारखी. क्रॉमवेल मात्र चाळिशी उलटलेला, रांगड्या चेहऱ्याचा, साध्या वस्त्रांतला जमीनदार. जो शेवटी जिंकला तोच श्रेष्ठ, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. कारण युद्धातील जय पैशावर, मनुष्यबळावर व कधी कधी निव्वळ दैवावरही अवलंबून असतो. तेव्हा या दोघांच्या हातून प्रत्यक्ष रणांगणावर काय घडले ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी क्रॉमवेलचे चरित्र आरंभापासून डोळ्यांखालून घालणे बरे.

क्रॉमवेलचा जन्म २५ एप्रिल १५९९ रोजी पूर्व इंग्लंडमधील हंटिंग्डन या गावी झाला. घराणे प्रतिष्ठित होते, पण त्याचा बाप धाकट्या पातीतला असल्यामुळे वाट्याला आलेली मालमत्ता बेताचीच होती. १६१६ साली तो केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात दाखल झाला. परंतु पुढल्याच वर्षी वडील वारले आणि आई व बहिणींचा भार अंगावर पडल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून त्याला घरी परतावे लागले. १६२० साली एलिझाबेथ बूर्शिए या लंडनच्या व्यापाऱ्याच्या कन्येशी त्याचा विवाह झाला. १६२८ साली तो प्रथम पार्लमेंटचा सभासद झाला, पण तेथे त्याचे नाव कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही. उलट पुढील काही वर्षे त्याची ओढगस्तीत गेली. १६३१ साली हंटिंग्डनची मालमत्ता विकून तो सेंट आइव्ह्ज येथे खंडाने जमीन घेऊन गुरे पाळू लागला. १६३६ साली मामाचा वारसा मिळाला तेव्हा कोठे त्याची स्थिती सावरली आणि तो ईली येथे राहावयास गेला. याच काळात त्याच्या मनात मोठी धार्मिक खळबळ माजून तो कट्टर प्युरिटन बनला. देव आपल्या प्रत्येक कृतीकडे पाहात आहे, ही भावना त्यानंतर त्याला कधीही सोडून गेली नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत या गृहस्थाने लढाई पाहिली नव्हती.

आता याच्या शेजारी रुपर्टचे चित्र ठेवावे. तो चार्ल्स राजाचा सख्खा भाचा, त्याची बहीण एलिझाबेथ हिचा मुलगा. १६१९ च्या डिसेंबरात प्राग येथे तो जन्मला. त्याचा बाप बोहेमियाच्या गादीवर जेमतेम एक वर्ष टिकला; १६२० साली पराभव होऊन सारे कुटुंब पळाले, तेव्हा त्या गडबडीत हे तान्हे मूल मागे राहून जाण्याच्या बेतात होते. हॉलंडमध्ये निर्वासितपणात तो वाढला. किशोरवयातच त्याने रणांगण पाहिले, एकोणिसावे वर्ष पुरे होण्याच्या आत शत्रूच्या हाती सापडला आणि ऑस्ट्रियातील लिंझ येथे सुमारे तीन वर्षे बंदिवासात राहिला. तेथे त्याने युद्धशास्त्राचा अभ्यास केला. १६४२ साली मामाच्या मदतीला तो इंग्लंडमध्ये आला, तेव्हा अवघ्या बाविसाव्या वर्षी राजाने आपले सारे घोडदळ त्याच्या हवाली केले. शिक्षण, अनुभव व जन्म या तिन्ही बाबतींत त्याचे पारडे जड होते.

राजा आणि पार्लमेंट यांच्या कलहाची कारणे पाठ्यपुस्तकात आहेतच. १६२९ पासून अकरा वर्षे चार्ल्सने पार्लमेंटवाचून राज्य केले, त्याच्या संमतीशिवाय कर बसविले आणि धर्माच्या बाबतीत प्रजेवर सक्ती केली. अखेर २२ ऑगस्ट १६४२ रोजी नॉटिंगहॅम येथे राजाने आपला ध्वज उभारला आणि बाप एका बाजूस तर मुलगा दुसऱ्या बाजूस, असे ते दारुण यादवी युद्ध सुरू झाले.

त्या काळी घोडदळ कसे लढे, हे समजल्याशिवाय पुढील तुलना कळणार नाही. पायदळात निम्मेअधिक बंदूकवाले व बाकीचे लांब भालेवाले असत. एक बार काढल्यावर बंदूक पुन्हा भरण्यास बराच वेळ लागे. सैन्याच्या मध्यभागी हे पायदळ आणि दोन्ही बगलांवर घोडदळ, अशी रचना असे. युरोपात पूर्वी अशी रीत होती की स्वारांच्या रांगांनी एकामागून एक पुढे यावे, पिस्तुले झाडावी आणि वळून मागे जावे. स्वीडनचा राजा गस्टाव्हस अडॉल्फस याने ही रीत टाकून तलवार उपसून सरळ शत्रूवर तुटून पडण्याची पद्धत रूढ केली. रुपर्टने तीच पद्धत इंग्लंडमध्ये आणली. वाटेत गोळीबारासाठी थांबावयाचे नाही. घोडे भरधाव सोडून शत्रूची फळी एका धडकेत मोडावयाची. पार्लमेंटच्या नवशिक्या स्वारांना हे सर्वस्वी नवीन होते.

२३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिल येथे पहिली मोठी लढाई झाली. उजव्या बगलेवरून रुपर्ट सुटला आणि त्याच्यासमोरील घोडदळ पहिल्या तडाख्यातच उधळले. डाव्या बगलेवरही तोच प्रकार झाला. येथपर्यंत रुपर्टचे कौशल्य निर्विवाद होते. परंतु पळणाऱ्यांच्या पाठोपाठ राजाचे जवळजवळ सगळे स्वार तीन मैलांवरील काइन्टन गावापर्यंत दौडत गेले आणि तेथे पार्लमेंटच्या सैन्याचे बुणगे लुटण्यात गुंतले. मागे रणांगणावर राजाचे पायदळ उघडे पडले. पार्लमेंटपाशी उरलेल्या थोड्या स्वारांनी नेमका त्याच पायदळावर हल्ला चढविला. राजाचा ध्वज धरून उभा असलेला सर एडमंड व्हर्नी मारला गेला, ध्वज शत्रूच्या हाती गेला आणि नंतर मोठ्या साहसाने परत मिळविण्यात आला. रुपर्टचे स्वार परतले तेव्हा अंधार पडत होता, घोडे दमले होते. जी लढाई एका तासात जिंकता आली असती ती अनिर्णित राहिली.

क्रॉमवेल त्या वेळी साठएक स्वारांचा साधा कप्तान होता व लढाई बरीचशी उरकल्यावर तो तेथे पोचला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. परंतु त्या दिवसाचा धडा त्याने नीट घेतला. आपल्या बाजूचे स्वार म्हणजे म्हातारे नोकर आणि गुत्त्यांतले गडी यांची खोगीरभरती आहे. मानापानासाठी प्राण देणाऱ्या सरदारपुत्रांपुढे ते टिकणार नाहीत, हे त्याने आपला आतेभाऊ जॉन हॅम्पडेन याला सांगितले. मानाच्या भावनेशी सामना द्यावयाचा तर तितकीच बळकट अशी दुसरी एखादी भावना पाहिजे, आणि ती त्याला धर्मनिष्ठेत दिसली. पूर्वेकडील परगण्यांत हिंडून त्याने स्वतःची जमीन कसणाऱ्या कुणब्यांची आणि कारागिरांची मुले निवडून घेतली. अधिकारी नेमताना कूळ पाहिले नाही. पंथही फारसा पाहिला नाही. माणूस सचोटीचा व निष्ठावंत असला म्हणजे पुरे. शिवी देणाऱ्याला बारा पेन्स दंड, दारू पिणाऱ्याला खोड्यात घालणे, लुटीला सक्त मनाई. त्याबरोबरच घोड्यांची निगा, शस्त्रांची सफाई आणि शिपायांचा पगार वेळेवर मिळविण्याची खटपट, ही कामे तो जातीने पाही. पगारासाठी त्याने वरिष्ठांना इतकी पत्रे लिहिली की ते कंटाळले असतील. १६४३ च्या आरंभी तो कर्नल झाला, आणि पुढे त्याचा रिसाला नेहमीच्या दुप्पट, म्हणजे चौदा पथकांचा झाला.

या तयारीची खरी परीक्षा २८ जुलै १६४३ रोजी लिंकनशरमधील गेन्सबरो येथे झाली. मोठ्या लढायांच्या यादीत गेन्सबरोचे नाव क्वचितच आढळते. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार आहे. सशांच्या बिळांनी भरलेली एक टेकडी चढून क्रॉमवेलच्या स्वारांना शत्रूवर चाल करावयाची होती. माथ्यावर पोचतात न पोचतात तोच हातघाई जुंपली. घोड्याला घोडा भिडला, तलवारी व पिस्तुले चालली आणि राजपक्षाची फळी मागे हटू लागली. पार्लमेंटचे पुष्कळ स्वार पळणाऱ्यांच्या मागे पाच-सहा मैल गेले. एजहिलचीच पुनरावृत्ती व्हावयाची. कारण शत्रूचा तरुण सेनानी चार्ल्स कॅव्हेंडिश आपला राखीव रिसाला घेऊन तेथेच उभा होता. परंतु क्रॉमवेलने आपली तीन पथके हाताशी रोखून ठेवली होती. उरलेल्या दुसऱ्या एका तुकडीवर कॅव्हेंडिश तुटून पडला, त्याच क्षणी क्रॉमवेलने त्याच्या पिछाडीवर घाव घातला आणि त्याला दलदलीत रेटले. कॅव्हेंडिश तेथेच मारला गेला.

थोड्याच वेळात राजपक्षाची मुख्य फौज चालून येत असलेली दिसली. संख्येने ती इतकी मोठी होती की माघारीवाचून गत्यंतर नव्हते. दमलेल्या घोड्यांनिशी माघार घेणे हे घोडदळाच्या दृष्टीने सर्वांत कठीण काम होय. क्रॉमवेलच्या दोन तुकड्यांनी आळीपाळीने थांबून शत्रूला तोंड द्यावे आणि दुसरीने तेवढ्यात मागे सरकावे, अशा रीतीने त्यांनी फळी न मोडता माघार घेतली. नऊ महिन्यांपूर्वी ज्या पक्षाचे स्वार एजहिलवर दिसेल त्या वाटेने पळाले होते, त्याच पक्षाचे हे स्वार होते. ११ ऑक्टोबरला विन्सबी येथे क्रॉमवेलचा घोडा ठार झाला, तो स्वतः दोनदा खाली पडला, आणि तरीही दुसरा घोडा मिळवून त्याने लढाई पुरी केली.

क्रॉमवेल आणि रुपर्ट यांची प्रत्यक्ष गाठ २ जुलै १६४४ रोजी यॉर्कजवळ मार्स्टन मूर येथे पडली. पार्लमेंट व त्याचे स्कॉटिश मित्र मिळून सुमारे सत्तावीस हजार, तर राजपक्षाचे सुमारे अठरा हजार सैन्य होते. दिवसभर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी होती. संध्याकाळचे सात वाजत आले, आता आज काही होत नाही, असे समजून रुपर्ट जेवावयास गेला. तेवढ्यात मेघगर्जना व पाऊस यांच्या साथीनेच मित्रसैन्य उतारावरून खाली आले. डाव्या बगलेवर क्रॉमवेल होता. त्याचे स्वार गुडघ्याला गुडघा भिडवून, भरधाव न सुटता दुडक्या चालीने गेले. पहिल्या चकमकीत त्याच्या मानेला जखम झाली. खुद्द रुपर्ट राखीव दळ घेऊन धावून आला, तेव्हा काही काळ दोन्ही बाजू एकमेकींना रेटीत जागच्या जागी झुंजत राहिल्या. त्याच वेळी डेव्हिड लेस्ली याच्या स्कॉटिश स्वारांनी बगलेवरून हल्ला चढविला आणि रुपर्टची फळी फुटली.

दुसऱ्या टोकाला मात्र सर्वनाश झाला होता. राजपक्षाच्या गोरिंगने सर टॉमस फेअरफॅक्सचे घोडदळ उधळून लावले होते, आणि त्याचे पुष्कळ स्वार नेहमीप्रमाणे पाठलागात व लुटीत रमले होते. मित्रसैन्याचा वृद्ध सेनापती लीव्हन सारे संपले असे समजून रणांगण सोडून गेला. फेअरफॅक्स जखमी अवस्थेत एकटाच शत्रूच्या गर्दीत सापडला. टोपीतली आपल्या पक्षाची पांढरी खूण काढून टाकून तो शत्रूच्या फळ्यांमधूनच क्रॉमवेलपर्यंत पोचला. क्रॉमवेलने पळणाऱ्यांच्या मागे थोडीच पथके धाडली होती. बाकीचे सारे स्वार पुन्हा रांगेत उभे करून, राजसैन्याच्या पाठीमागून वळसा घालून तो दुसऱ्या बगलेवर गेला आणि जेथून सकाळी गोरिंगचे स्वार उभे होते त्या जागेवरून त्याने त्यांनाच गाठले. नंतर पायदळाची पाळी आली. न्यूकॅसलच्या पांढऱ्या डगल्यांच्या पायदळाने शरण न जाता जागच्या जागी प्राण दिले. चांदण्यात लढाई संपली तेव्हा राजपक्षाचे सुमारे चार हजार लोक पडले होते आणि संपूर्ण उत्तर इंग्लंड राजाच्या हातून गेले होते.

या विजयाला दोन गालबोटे आहेत. लढाईत क्रॉमवेलचा भाचा व्हॅलेंटाइन वॉल्टन तोफेच्या गोळ्याने पाय चिंधड्या होऊन मरण पावला. त्याच वर्षी वसंत ऋतूत क्रॉमवेलचा स्वतःचा तरुण मुलगा ऑलिव्हर छावणीत आजारी पडून वारला होता. पुत्रवियोगाचे दुःख ताजे असताना आपल्या मेव्हण्याला त्याच्या पुत्राच्या मृत्यूचे पत्र लिहिण्याची पाळी त्याच्यावर आली. त्या पत्रात आधी विजयाचे वर्णन येते व मग मुलाच्या मृत्यूची बातमी येते, हे वाचून मन विषण्ण होते. दुसरे असे की त्याच पत्रात लेस्लीच्या स्वारांच्या कामगिरीचा त्याने ओझरता, कमीपणाचाच उल्लेख केला. ज्या मदतीवाचून कदाचित त्याची फळी मोडली असती, त्या मदतीचे ऋण त्याने मोकळ्या मनाने मानले नाही.

पुढील वर्षी पार्लमेंटने आपल्या सैन्याची नव्याने उभारणी केली. सहाशे स्वारांचा एक असे अकरा रिसाले व बाराशे शिपायांची एक अशा बारा पायदळ पलटणी असे हे सैन्य होते. स्वाराला रोजचे दोन शिलिंग मिळत, त्यातून त्याने आपला व घोड्याचा खर्च भागवावयाचा. फेअरफॅक्स सेनापती आणि क्रॉमवेल घोडदळाचा प्रमुख झाला. १४ जून १६४५ रोजी नेझबी येथे या सैन्याची राजाशी गाठ पडली. पार्लमेंटचे सुमारे चौदा हजार, तर राजाचे नऊ हजारांच्या आसपास लोक होते. उजवीकडून रुपर्ट सुटला व समोरच्या आयर्टनची फळी मोडून थेट पार्लमेंटच्या बुणग्यांपर्यंत गेला. तेथील पहारेकऱ्यांनी शरण येण्याचे नाकारून गोळीबार केला. दुसऱ्या बगलेवर क्रॉमवेलने लँग्डेलचे स्वार मागे रेटले. पण पाठलागावर आपले थोडेच लोक पाठवून उरलेले त्याने राजाच्या पायदळावर वळविले. एकाच दिवशी, एकाच मैदानावर, दोघांनीही आपापल्या समोरची फळी फोडली होती. पुढच्या अर्ध्या तासात एक जण रणांगणाबाहेर होता व दुसरा रणांगणाच्या मध्यावर. रुपर्ट परत आला तेव्हा राजाचे पायदळ शस्त्रे ठेवीत होते. चार हजारांहून अधिक लोक कैद झाले, आणि राजाचा गुप्त पत्रव्यवहारही शत्रूच्या हाती पडला.

त्याच दुपारी पाठलाग करणाऱ्या पार्लमेंटच्या शिपायांनी राजाच्या छावणीतील सुमारे शंभर स्त्रियांची कत्तल केली. त्यांची भाषा त्यांना कळली नाही, आणि त्या आयरिश असाव्यात असे त्यांनी गृहीत धरले. बहुधा त्या बिचाऱ्या वेल्श होत्या. शिस्तीसाठी नावाजलेल्या सैन्याच्या कीर्तीवरचा हा डाग इतिहासकाराने झाकता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रुपर्टला केवळ आडदांड स्वार म्हणणे अन्यायाचे आहे. वेगाने मजल मारून शत्रूला बेसावध गाठण्यात त्याची बरोबरी करणारा त्या युद्धात दुसरा नव्हता. १६४३ च्या जुलैत त्याने ब्रिस्टलसारखे मोठे बंदर घेतले. १६४४ च्या मार्चमध्ये न्यूअर्कचा वेढा उठवून वेढा घालणाऱ्यांनाच शरण आणले. त्याच्या अडचणीही ध्यानात घेतल्या पाहिजेत. लंडन शहर व त्याची संपत्ती पार्लमेंटच्या हाती होती. राजाची तिजोरी रिकामी. ज्या स्वाराला महिनोन् महिने पगार मिळत नाही, त्याला शत्रूचे बुणगे दिसल्यावर आवरणे सोपे नाही. शिवाय त्याचे पुष्कळ स्वार म्हणजे स्वतःच्या घोड्यावर आलेले मानी सरदारपुत्र, आपल्याकडील शिलेदारांसारखे. हुकूम मानण्याची त्यांना सवय नव्हती. दरबारात रुपर्टचा द्वेष करणारेही थोडे नव्हते. क्रॉमवेलच्या पाठीशी पार्लमेंटचा पैसा होता आणि डोक्यावर फेअरफॅक्ससारखा निर्मळ मनाचा सेनापती होता.

हे सारे जमेस धरूनही निर्णय क्रॉमवेलच्या बाजूने द्यावा लागतो, असे मला वाटते. कारण गेन्सबरोच्या वेळी हे नवे सैन्य नव्हते व पगारही वेळेवर मिळत नव्हता; तरीही त्याची तीन पथके जागेवर उभी राहिली. पहिली धडक मारणे हे घोडदळाचे निम्मे काम होय. धडकेनंतर रक्त तापलेले असते, समोर शत्रू पळत असतो, घोडाही आवरत नाही. अशा वेळी लगाम खेचून पुन्हा रांगेत येणे हे उरलेले निम्मे काम. रुपर्ट पहिल्यात अतुलनीय होता. क्रॉमवेलने दुसरे साधले. आणि ते त्याने रणांगणावर साधले नव्हते, तर त्याआधी महिनोन् महिने पागेत, कवायतीच्या मैदानावर व पगाराच्या हिशेबात साधले होते. १६५० साली ३ सप्टेंबरला डनबार येथे, मार्स्टन मूरवर त्याच्या मदतीला आलेल्या त्याच डेव्हिड लेस्लीचा त्याने पराभव केला. तेव्हा म्हणे पाठलाग थांबवून त्याने सैन्यासह बायबलातील एक अगदी छोटे स्तोत्र म्हटले, आणि तेवढ्या वेळात पांगलेले स्वार पुन्हा गोळा झाले.

परंतु क्रॉमवेलचे चरित्र येथे संपत नाही, आणि संपले असते तर बरे झाले असते असे कधी कधी वाटते. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. त्या मृत्युपत्रावर क्रॉमवेलची सही आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात आयर्लंडमधील ड्रॉहेडा शहर घेतल्यावर त्याने तेथील शिबंदीच्या कत्तलीचा हुकूम दिला. सुमारे तीन हजार लोक मारले गेले. त्यांत नागरिक आणि धर्मगुरूही होते. पुढल्याच महिन्यात वेक्सफर्ड येथे त्याच्या सैन्याने पुन्हा तसाच संहार केला. आयर्लंडमध्ये त्याचे नाव आजही शापासारखे उच्चारले जाते. १६५३ च्या एप्रिलमध्ये ज्या पार्लमेंटसाठी तो लढला होता ते त्याने शिपाई आणून बंद केले आणि डिसेंबरात तो राष्ट्राचा संरक्षक म्हणून सर्वाधिकारी झाला. १६५७ साली ईस्ट इंडिया कंपनीला त्याने नवी सनद दिली, एवढा आपल्या देशाशी त्याचा संबंध. त्याच वर्षी देऊ केलेला राजमुकुट मात्र त्याने नाकारला. ३ सप्टेंबर १६५८ रोजी, डनबारच्या विजयदिनीच, तो मरण पावला. राजेशाही परत आल्यावर ३० जानेवारी १६६१ रोजी त्याचे प्रेत उकरून फासावर लटकविण्यात आले आणि शिर वेस्टमिन्स्टर हॉलवर वीस वर्षांहून अधिक काळ टांगलेले राहिले. अनेक हातांतून फिरून ते शिर १९६० साली त्याच्या जुन्या सिडनी ससेक्स कॉलेजात पुरण्यात आले.

आणि रुपर्ट? १६४५ च्या सप्टेंबरात ब्रिस्टल शत्रूच्या हवाली केल्याबद्दल मामाने त्याला पदावरून दूर केले; चौकशीत तो निर्दोष ठरला तरी राजाशी पूर्वीचा जिव्हाळा राहिला नाही. परदेशी जाऊन त्याने आरमार चालविले. १६५२ साली वादळात त्याचा लाडका भाऊ मॉरिस समुद्रात नाहीसा झाला. १६६० नंतर तो इंग्लंडमध्ये परतला आणि डच युद्धांत आरमाराचा अधिकारी झाला. हा एके काळचा बेफाम स्वार पुढे विंडसरच्या किल्ल्यात स्वतःच्या प्रयोगशाळेत तासन् तास बसे. ताम्रपटावर छायाचित्रणासारखी चित्रे कोरण्याची एक नवी कला त्याने इंग्लंडला शिकविली आणि १६७० साली तो हडसन बे कंपनीचा पहिला गव्हर्नर झाला. २९ नोव्हेंबर १६८२ रोजी तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत, जेथून क्रॉमवेलला उकरून काढले होते तेथे, त्याला पुरण्यात आले.

विद्यार्थिमित्रहो, या दोन आयुष्यांकडे पाहताना एक गोष्ट मनाला चटका लावते. तारुण्यात ज्याला लगाम खेचता आला नाही, तो उतारवयात शांत व संयमी झाला. ज्याने हजारो स्वारांना विजयाच्या क्षणी थांबावयास शिकविले, त्याला स्वतःच्या हाती सत्ता व समोर शरण आलेला शत्रू असताना थांबता आले नाही. घोडदळाचा सेनानी म्हणून क्रॉमवेल श्रेष्ठ, हे आपण न कचरता म्हणावे. परंतु वर्गात पुन्हा हा प्रश्न निघेल, तेव्हा त्या उत्तराबरोबर ड्रॉहेडाचे नावही घेतले जावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.